एकांड्यामागची जत्रा

जोह्यात बेणणीला हात कोणाचा, असं कोणी विचारलं तर बोट एकाच घराकडे जायचं आणि त्या घरात एकाच बाईकडे. सरूचा हात म्हणजे हात नव्हेच, चिमटा! लावणी होऊन महिना उलटला की बाया खाचरात ओणव्या होतात, एकेक जण एकेक पात धरते, आणि भात सोडून जे जे हिरवं दिसेल ते मुळासकट उपटत पुढं सरकते. ह्यात सरू कायम निम्मी पात पुढं, आणि तोंड बाकीच्यांच्या दुप्पट चाललेलं. तिच्या पातीत तणाची एक काडी दाखवा आणि मला नाव ठेवा, असं ती उघड म्हणायची. बेचाळीस पावसाळे झाले लग्न होऊन आल्याला, काडी कोणी दाखवली नव्हती.

अशा बाईच्या पडवीत कोणी मुद्दाम तण वाढवावं, ह्याला म्हणायचं तरी काय!

ते वाढवणारी पोर मनस्वी, रोह्याजवळच्या वरश्याची. वडील शाळामास्तर, पोर पीएचडीला. मे महिन्यात ती जोह्याला आली आणि सरूच्या नवऱ्याकडे, गोविंदाकडे, तिनं माती मागितली. खालचं खाचर, मधलं खाचर आणि वरची वरकस, माळाची जमीन, अशा तीन जागांची, एकेका जागेची दहा ठिकाणची चार-चार ओंजळी.

"माती नेतेस तर ने," गोविंदा म्हणाला, "शेत तेवढं ठेव म्हंजे झालं."

माती तिनं नेलीच नाही. तीस चपटे प्लास्टिकचे ट्रे आणले, त्यांत ती माती पसरली आणि सरूच्याच पडवीत फळ्यांवर मांडून ठेवले. गावची हवा, गावची माती, असं काहीतरी ती म्हणाली. वरून छप्पर, बाजूनं जाळी, म्हणजे बाहेरचं बी उडून येणार नाही. सरूनं रोज तेवढं पाणी शिंपडायचं.

"ह्या मातीत काय काय आहे ते मला बघायचंय, काकी," मनस्वीनं सांगितलं होतं.

सरूनं मान हलवली. मातीत काय आहे, म्हणजे माती कसदार आहे की नाही. म्हणजे तीत भात कसा येतो. असं तिनं सरळ धरलं. दोघी मराठीच बोलत होत्या, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

जून सरता सरता ट्रे हिरवे झाले. गेल्या सालचं गळलेलं भात कुठं चार काड्या, कुठं सहा, असं उगवलं. आणि त्याच्याभोवती तण, नुसतं तण. मनस्वी आठवड्यातून दोनदा यायची, रोह्याहून गाडीनं पेण, पेणहून एसटीनं जोहे. भिंग लावून तास न् तास बघायची, वहीत लिहायची, आणि मधूनच एखादं रोप उपटून वर्तमानपत्रात घालायची. दहातलं एक उपटायची, नऊ तशीच. सरू चुलीशी बसून बघत असायची आणि तिला आतून कीव यायची. कॉलेजात एवढी शिकली, पण बेणायला कोणी शिकवलं नाही पोरीला!

शेजारची विमलबाई तर रोज टोचायची. "काय गो सरू, लोक भाताची लावणी करतात, तू पडवीत तणाची केलीस काय?"

"गप गो. पोर शिकतेय."

"पोर शिकतेय, पण गाव तुला हसतंय त्याचं काय?"

हे मात्र सरूला झोंबलं. आणि जुलैच्या मध्याला मनस्वीचा फोन आला, आवाज पार बसलेला. "ताप आहे काकी, चार दिवस येता येणार नाही. तेवढं पाणी घाला. बाकी काही करू नका हं."

बाकी काही करू नका! आता शहाण्यासुरत्या घरची पोर, भिडस्त, ती दुसरं काय म्हणणार? पाहुणीनं 'नको नको, पुरे' म्हणावं आणि आपण पानात आणखी एक भाकर घालावी, ही रीतच आहे. आजारी पोर, तिच्या भाताला तण गिळतंय, आणि जोह्यातला पहिला हात इथं रिकामा बसलाय. सरूनं पदर खोचला.

तीस ट्रे, तीस पाती. नखानं माती मोकळी करत, मुळाचा शेवटचा केस ओढून काढत तिनं ते असे स्वच्छ केले की बघत राहावं. शेतातल्या सवयीनं एकेका पातीचं तण तिथल्याच पात्यानं बांधून तिनं जुडी केली आणि पातीच्या तोंडाशी ठेवली. संध्याकाळी गोविंदानं तीसही जुड्या टोपलीत भरल्या आणि खताच्या खड्ड्यावर नेऊन टाकल्या. ट्रेमध्ये उरलं ते फक्त भात, ताठ, एकटं, मोकळा श्वास घेणारं.

विमलबाई येऊन बघून गेली आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

मनस्वी तिसऱ्या दिवशी सकाळी आली. चेहरा अजून उतरलेला, पण येताना सरूसाठी रोह्याच्या बाजारातले पेढे आणलेले. पडवीच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि ती थांबली. पहिल्या फळीवरून शेवटच्या फळीपर्यंत तिची नजर गेली, परत आली. मग ती पायरीवरच बसली, पेढ्यांचा पुडा मांडीवर.

"कसं केलंय?" सरूनं कौतुकानं विचारलं. "एक काडी नाय ठेवली."

पोर रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. सरू जवळ जाऊन बसली, पाठीवरून हात फिरवायला लागली, ताप उतरला नाय काय गो, असं विचारायला लागली. आणि मग हुंदक्यांतून तुकड्या-तुकड्यानं जे बाहेर आलं ते ऐकून तिचा तो हात पाठीवरच थिजला.

भात नको होता. तणच हवं होतं! मातीत न दिसणारं बी किती जातीचं झोपलंय, खालच्या खाचरात किती, मधल्यात किती, वरकशीत किती आणि ते तसं का, हेच तिला मोजायचं होतं. ओळखू आलेलं रोप ती उपटून कागदात ठेवायची. न ओळखलेलं, फूल येईपर्यंत वाढू द्यायची. माती घ्यायची ती पावसाआधी, मे महिन्यात. आता पुढची माती पुढच्या मेमध्ये. आणि विद्यापीठानं तिला दिलेली शेवटची मुदत होती ह्याच सालच्या तीस सप्टेंबरची. दोनदा वाढवून दिली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. पाच वर्षांचं काम, आणि नाव कटणार.

"पोरी, मी... मना वाटलं..." आयुष्यभर ज्या हाताचा तोरा मिरवला तो हात सरूला पहिल्यांदा तोडून टाकावासा वाटला.

गोविंदा इतका वेळ दारात उभा होता. तो म्हणाला, "टाकलंय ते खड्ड्यावरच हाय. दोन दिस पाऊस हाय, सुकलं नसंल."

मनस्वीनं डोळे पुसले. "पण सगळं एकत्र झालं असेल ना?"

"एकत्र कसं व्हईल?" सरू ताडकन उठली. "माझ्या जुड्या हायत त्या. बांधलेल्या!"

तिघंही पावसात धावली. खड्ड्यावर शेण पडलं होतं, राख पडली होती, पण जुड्या होत्या, आणि गाठी सुटल्या नव्हत्या. सत्तावीस मिळाल्या. तीन घरच्या बकरीनं खाल्ल्या होत्या, आणि ती बाजूला उभी राहून असं बघत होती की जणू ती त्या गावचीच नव्हे.

पडवीत धुतलेल्या पाटांवर जुड्या मांडल्या. आता कुठली कुठल्या जागेची? सरूनं एक उचलली. "ही खालच्या खाचरातली. बघ ना, पाण्यातलंच तण हाय सगळं."

"असं नाही चालत, काकी." मनस्वीचा आवाज अजून ओला होता, पण आता त्यात मास्तरीण आली होती. "कुठल्या जागी काय उगवतं हेच मला शोधायचंय. उगवलेल्यावरून जागा ठरवली, तर मी माझंच उत्तर मलाच सांगितलं."

बोलणं खरं होतं. मग सरूनं जुडी उलटी धरली, मुळं वर. मुळांना चिकटलेली माती बोटांत चोळली. काळपट, साबणासारखी. दुसरी जुडी घेतली. तांबडी, खरखरीत, मध्ये बारीक खडा. "तण सोड. माती तर सांगंल?"

आजारपण विसरून मनस्वीनं त्या बाईला मिठीच मारली.

गोविंदाला डोळे मिटायला लावून त्याच्या हातात एकेक मुळाची माती दिली, सरूला वेगळी दिली. दोघांनी एकमेकांचं न ऐकता जागा सांगायच्या. सत्तावीस जुड्यांत एकदाही दोघांचं वेगळं पडलं नाही.

मग दोन दिवस पडवीत मोजणी चालली. सरूची सून अनिता गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. ऐन सीझन, श्वास घ्यायला फुरसत नाही, तरी ती सकाळी कामावर जायच्या आधी येऊन बसायची आणि आपल्या सर्वांत बारीक ब्रशनं केसाएवढी रोपं एकमेकांपासून सोडवून द्यायची. पाखड, धूर, माका, केना, आंबुशी, लव्हाळा. सरू नाव सांगायची, मनस्वी भिंगातून बघून म्हणायची, "काकी, हा लव्हाळा एक नाही, हे पाच आहेत."

"पाच कुठले? लव्हाळाच हाय."

"बघा तरी."

सरूनं आयुष्यात पहिल्यांदा भिंगाला डोळा लावला. आणि लव्हाळ्याचा दांडा, जो तिनं लाख वेळा उपटला असेल, तो आतून उघडला. एकाच्या दांड्याला तीन धारा, दुसऱ्याचा गोल; एकाचं मूळ तांबडं, त्याला मण्यांएवढ्या गाठी; एकाच्या पात्याच्या कडेला दातच दात. ती कितीतरी वेळ बघत राहिली. चुलीवरचं दूध उतू गेलं, कोणाला पत्ता नाही.

"आई गो!" ती शेवटी म्हणाली. "बेचाळीस साल उपटतेय, आणि एकाचंबी तोंड नाय बघितलं मी."

वहीतले आणि जुड्यांतले मिळून अठ्ठावन्न निघाले; काहींना फुलाआधी नाव लागेना, पण वेगळे ते वेगळे. भात सोडून अठ्ठावन्न प्रकार, तीस ट्रे मातीत! खालच्या खाचरात सगळ्यांत कमी, कारण सतत पाण्यात उभं राहणं सगळ्यांना झेपत नाही. वरकशीत त्याहून जास्त. आणि मधल्या खाचरात सगळ्यांत जास्त, कारण तिथं पाणी येतं आणि जातंही. खालचेही राहतात, वरचेही राहतात. मनस्वी हे वहीत आकडे मांडून सांगत होती, पण सरूला ते आधीच कळलं होतं.

"मधलं खाचर म्हंजे सासर-माहेर दोन्ही जवळ असलेलीचं घर. पाहुणं हटतच नाय."

मनस्वी हसली, त्या सकाळनंतर पहिल्यांदा. मग तिनं वहीच्या कोऱ्या पानावर काही आकडे मांडले आणि म्हणाली, "आता गंमत सांगते, काकी. अठ्ठावन्न दिसले. पण न दिसलेले किती, तेही सांगता येतं."

"न बघता?"

"न बघता. अठ्ठावन्नांपैकी बारा असे आहेत की ते एकाच ट्रेमध्ये आले, पुन्हा कुठंच नाहीत. आणि आठ असे की ते बरोबर दोन ट्रेमध्ये आले. बाराला बारानं गुणायचं, एकशे चव्वेचाळीस. त्याला आठाच्या दुपटीनं भागायचं, सोळानं. नऊ. म्हणजे अजून किमान नऊ प्रकार ह्या मातीत आहेत, जे आपल्याला दिसलेच नाहीत."

सरूच्या अंगावर सर्रकन काटा आला. मनस्वीला वाटलं काकींना पटलं नाही, म्हणून ती समजवायला लागली, की एकेकटे पुष्कळ भेटत असतील तर समजायचं, अजून बरेच भेटायचे बाकी आहेत, आणि प्रत्येकजण दोनदा-तीनदा भेटून झाला असेल तर...

"तर पात संपली," सरू म्हणाली.

"काय?"

"माझी सासू, काशीबाई. मी नवी होते तवा बेणायला शिकवायची. म्हणायची, एकांडं तण दिसलं की पात सोडू नको, त्याच्यामागं जत्रा हाय. जवर एकांडं भेटतंय तवर शेत संपलं नाय. समदी जोडीनं भेटायला लागली की उठ." सरू थांबली. "मना वाटायचं, म्हातारी कामाला जुंपायला काहीबी बोलते."

मनस्वीनं पेन खाली ठेवलं. हे गणित तिनं इंग्रजी पुस्तकातून शिकलेलं, मोठमोठ्या लोकांनी मांडलेलं. आणि ते ह्या पडवीत, अंगठा उठवणाऱ्या एका बाईच्या तोंडी, चिखलात ओणवं राहून पोचलं होतं. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. दोघीजणी मातीच्या तीस उघड्या ट्रेंकडे बघत बसल्या. नऊ जण आत होते.

पण विद्यापीठातल्या सरांना अंगावर काटा वगैरे येत नाही. मनस्वीनं फोनवर सगळं खरं खरं सांगितलं. सर म्हणाले, उपटलेली रोपं, बकरीनं खाल्लेला पुरावा, आणि वर तू अंदाज मांडणार? 'किमान नऊ' असं लिहितेस ना? मग किमान नऊ उगवून दाखव. तीस सप्टेंबरच्या आत. आठ आले तर मी सही करणार नाही.

"द्वाड हाय मेला," सरू म्हणाली.

"खरं तर बरोबर आहे त्यांचं," मनस्वी म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला.

आता सरूनं पडवी अशी राखली की देवघर काय राखावं. बकरी परसात बांधली. पाणी शिंपडायचं ते ओंजळीतून, थेंब थेंब. आणि हात मागं बांधून ठेवायचे! तिच्या जन्मात तिला इतकं कठीण काही गेलं नव्हतं. हिरवं टोक दिसलं की बोटं आपोआप वळवळायची.

आणि टोकं दिसायला लागली. मनस्वीनं सांगितलं, ही तुमचीच करणी, काकी. तुम्ही नखानं माती उकरलीत ना, खालचं दडलेलं बी उजेडात आलं. जुलै संपता संपता पहिलं नवं आलं, गोल पानाचं. नागपंचमीच्या आसपास आणखी दोन. मग एक इतकं बारीक की अनितानं आधी बघितलं. जांभळट, मोहरीएवढं फूल. त्याला सरूकडे नाव नव्हतं. तिनं काशीबाईची सगळी नावं आठवून बघितली, तिच्यातही नव्हतं. आपल्या शेतात, आपल्या पायाखाली, नाव नसलेलं कोणीतरी इतकी वर्षं राहत होतं, ह्या विचारानं ती जेवता जेवता उठून ट्रेपाशी जायची.

ऑगस्ट संपला तोवर सात झाले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आठवा आला. आणि मग काही नाही.

रोज सकाळी सरू ट्रेपुढं बसायची. आठ. दुसऱ्या दिवशी आठ. गणपती ह्या साली उशिरा, सप्टेंबरच्या मध्यावर होते; जोह्यातून रात्रंदिवस टेम्पो भरून मूर्ती जात होत्या, गावात रंगाचा वास, माणसाला माणूस बोलायला मोकळं नाही; आणि ह्या घरात एकच आकडा बसला होता. मनस्वी यायची, भिंगानं एकेक बोट माती तपासायची, आणि परतीची एसटी धरायची. शेवटच्या वेळी ती म्हणाली, "जाऊ द्या काकी. तुमच्यामुळं नाही झालं हे. मातीनं दिलं तेवढं दिलं." पण सरूला ठाऊक होतं, कोणामुळं झालं होतं ते.

चतुर्थीला घरात गणपती बसला. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बाईनं बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरल्या रानातलं धान्य वर्ज्य. म्हणून सरू सकाळी उठून तळ्याच्या कडेला गेली, देवभात आणायला. तिथं ते आपलं आपण उगवतं, ना कोणी पेरत, ना राखत. टोपली खाली धरून लोंबीला नुसता हात लावायचा. दाणे टपटप गळतात. त्याच्या दाण्याला लांब, तांबूस कुसळ असतं, बोटाला टोचणारं. सरूनं ओंजळभर दाणे घेतले आणि परत आली.

पडवीत शिरताना सवयीनं ट्रेकडे नजर गेली. आठच. ट्रेमधलं भात मात्र आता लोंबीवर आलं होतं. ते कोण बघतो? भात मोजायचं नव्हतं. ती पुढं गेली.

आणि थबकली.

परत आली. खालच्या खाचरातल्या मातीचा चौथा ट्रे. त्यात भाताच्या पाच काड्या होत्या, तिनं स्वतः राखलेल्या. चार सारख्या. पाचवीच्या लोंबीला लांब, तांबूस कुसळ होतं.

सरूनं टोपलीतला दाणा काढला, लोंबीशेजारी धरला. लोंबीला नुसता बोटाचा स्पर्श झाला आणि एक दाणा टप्पकन ट्रेमध्ये गळला.

"अवो!" तिनं अशी हाक मारली की गोविंदा आरतीचं ताट तसंच घेऊन बाहेर आला. "अवो, तिला फोन लावा! नववा इथं हाय. मी... मी त्याला भात समजून राखला!"

मनस्वीच्या घरी गणपती, पाहुणे, सगळं टाकून ती पहिल्या गाडीनं आली. ट्रेपुढं गुडघ्यावर बसली. भिंग लावलं, काढलं, परत लावलं. पानाच्या बुंध्याशी भाताहून लांब असलेली पातळ जीभ बघितली, कुसळ बघितलं. मग ती सरूकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"देवभातच, काकी. वेगळी जात. नऊ झाले."

"पण मना ओळखता कसा आला नाय?" सरूला आनंदापेक्षा हेच खुपत होतं. "माझ्या पातीत काडी राहिली! बेचाळीस सालांत..."

"ओळखता येऊच नये म्हणून तर तो तसा आहे." मनस्वी हळू बोलत होती, जणू मोठ्यानं बोललं तर काही उडून जाईल. "विचार करा. हजारो वर्षं बाया बेणतायत. जो देवभात भाताहून जरा वेगळा दिसला, तो उपटला गेला. जो भातासारखा दिसला, तो वाचला, त्याचं बी पडलं. दर साली थोडा जास्त भातासारखा. कोणी ठरवलं नाही, कोणी शिकवलं नाही. त्याचं हे रूप घडवलंय ते तुमच्या हातांनी. काशीबाईंच्या, त्यांच्या सासूच्या, तिच्या सासूच्या."

सरूनं आपले हात बघितले. चिखलानं कायमच्या काळ्या झालेल्या रेघा, झिजलेली नखं. हे हात फक्त काढून टाकतात, असंच ती आजवर समजत होती. तिला वाटलं, आपल्यामागं कोणीतरी उभं आहे. एक नव्हे, पार आदीपर्यंत ओणव्या बायांची रांग, आणि त्यांतली एकही जाणत नव्हती की आपण काय घडवतोय. तिला एकदम रडू आलं आणि हसूही. गणपतीपुढं जोडावेत तसे तिनं ते हात त्या पाचव्या काडीपुढं जोडले.

सरांना फोटो गेले, लोंबी गेली, वही गेली. चार दिवसांनी, मुदतीच्या आत, सही झाली. मनस्वीनं फोनवर सांगितलं तेव्हा सरूनं विचारलं, "मग संपली काय गो पात?"

पलीकडे पोर हसली. "कुठं संपतेय! नवीन नवांतले सात पुन्हा एकांडेच आहेत. आता हिशेब परत मांडला तर आकडा वाढतोच."

"म्हंजे जत्रा अजून मागंच हाय."

"मागंच आहे, काकी."

सरूनं फोन ठेवला. ट्रे रिकामे करून माती शेतात परत टाकायची होती. चौथ्या ट्रेमध्ये देवभाताचे गळलेले सहा-सात दाणे पडले होते. ती माती घेऊन ती खालच्या खाचराच्या बांधाशी गेली, खाली बसली, आणि एकेक दाणा बोटानं चिखलात दाबायला लागली.

विमलबाई बांधावरून चालली होती. ती थांबली, वाकून बघितलं, आणि कमरेवर हात ठेवला. "काय गो सरू? आता काय, शेतातबी तणाची लावणी करतेस?"

"व्हय गो," सरू म्हणाली आणि पुढचा दाणा घेतला. "तणाचीच."